सुमीचं गिऱ्हाईक

तारीख, डिसेंबरातला दुसरा गुरुवार. वेळ, सकाळी सव्वासात. रक्कम, रुपये पाच फक्त. हजर, तालुक्याहून आलेले शिक्षण विस्तार अधिकारी कुलथे साहेब, मी, आणि पटावरच्या एकेचाळीसपैकी चौतीस मुलं. उरलेल्या सातांच्या गैरहजेरीची कारणं मला तोंडपाठ होती, पण साहेबांनी विचारली नाहीत, म्हणून इथंही देत नाही.

मी प्राथमिक शिक्षक. सध्या फुलंब्री तालुक्यात मुख्याध्यापक आहे. घर छत्रपती संभाजीनगरात, रोज जा-ये. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी बसून बदल्यांची यादी केली. कुठल्या गावी किती वर्षं, पट किती, वर्गखोल्या किती. बायकोनं ती वाचली आणि म्हणाली, "हे पेन्शनच्या कागदाला लावा. लोकांना ते पाच रुपयांचं सांगा." तेच सांगतो.

माझी दुसरी नेमणूक फर्दापूरजवळच्या एका वस्तीवर झाली. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन. तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं आणि पर्यटकांच्या गाड्या थेट अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जायच्या. वस्तीतली बरीचशी घरं पूर्वी मेंढरं राखणारी. आता काहींची मेंढरं होती, काहींची विकली गेली होती. बायका शेतावर मजुरीला जायच्या आणि पुरुष लेण्यांवर डोली वाहायचे. डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली खुर्ची. पायऱ्या चढवत नाहीत अशा माणसाला चौघं मिळून खांद्यावरून वर नेतात. मुलं खडे विकायची.

खडे म्हणजे स्फटिक. आमच्या काळ्या पाषाणात विहीर खणताना किंवा खदानीत सुरुंग लावला की आत पोकळ्या निघतात. त्यांत पांढरे, हिरवट, कधी गुलाबी खडे चमकत असतात. ते फोडून, धुऊन, कागदात गुंडाळून विकायचे. या धंद्याला एक रीत होती आणि ती मला पहिल्याच दिवशी भोवली.

जून महिना. मी वळकटी घेऊन एस.टी.तून उतरलो. एका पोरानं पुढं येऊन माझ्या तळहातावर बोराएवढा पांढरा खडा ठेवला.

"गिफ्ट है साब. पैसा नको. मेरा नाम सलीम, याद रखना."

मला भरून आलं. काय गुणी मुलं, म्हटलं. खडा खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर हा सलीम दुसरीत बसलेला. मी काहीही विचारलं की तो उत्तर द्यायचा. बाकी सगळे माझ्याकडं बघत गप्प. तीन दिवस असंच. एकट्या सलीमचा घसा बसला.

चौथ्या दिवशी किसन डोलीवाल्याला गाठलं. किसन वस्तीतला जाणता माणूस. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याला उकिडवं बसावं लागलं.

"गुर्जी, तुम्ही सलीमचं गिऱ्हाईक झालात!"

रीत अशी होती. पर्यटक गाडीतून उतरला की ज्यानं पहिला फुकटचा खडा त्याच्या हातात दिला आणि आपलं नाव सांगितलं, त्याचं ते गिऱ्हाईक. माणूस लेणी बघून दोन तासांनी खाली येईल, तेव्हा त्याच्याशी बोलायचा हक्क त्या एकाचाच. दुसऱ्यानं त्याच्याशी साधं "हॅलो" केलं तरी ते गिऱ्हाईक फोडणं झालं. मग संध्याकाळी मोठी माणसं बसायची आणि फोडणाऱ्याची त्या दिवसाची सगळी कमाई मूळ मालकाला द्यायला लावायची. मोठी माणसं कधी यातून पळवाट काढत. मुलं काढत नसत.

"मग आता मी करू काय?"

"करता काय, समद्यांचा खडा घ्या."

म्हणून मी पाचव्या दिवशी रांग लावून एकेका मुलाकडून खडा घेतला. तेव्हा कुठं वर्गाला कंठ फुटला. खडे मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. पुढं त्याच खड्यांवर बेरजा-वजाबाक्या झाल्या. नवीन नाव पटावर आलं की आधी डब्यात खडा पडायचा.

ही मुलं हुशार होती, हे वेगळं सांगायला नको. पाच भाषांत शंभरपर्यंत भाव बोलायची. जपानी माणसाशी घासाघीस करायची. पण मराठीतलं "कमळ" समोर धरलं तर चित्र बघून सांगायची, आणि चित्र झाकलं तर छताकडं बघायची. पहिल्या वर्षी मी पुस्तक घेऊन डोकं आपटलं. दुसऱ्या वर्षी वाट सापडली, तीही पायथ्याशीच.

तिथं गाडी लांबून दिसली की सगळी पोरं तिच्याकडं पळत. गाडी शाळेच्या सहलीची निघाली तर पळणं फुकट, कारण सहलीची मुलं काही घेत नाहीत. यात्रा कंपनीची निघाली तर चांदी. हे काचेवरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, पण वाचणार कोण? मी खडूनं फळ्यावर पाट्याच लिहायला लागलो. जळगाव. भुसावळ. सिल्लोड. यात्रा. सहल. विशेष. आधी जवळून, मग वर्गाच्या मागच्या भिंतीपासून, मग अंगणाच्या टोकापासून. ज्याला लांबून वाचता येईल त्यानंच पळायचं आणि बाकीच्यांनी दम खायचा, हे त्यांना एका आठवड्यात पटलं. दोन महिन्यांत निम्मा वर्ग जोडाक्षरं वाचायला लागला. "सिल्लोड" आणि "औरंगाबाद" वाचणाऱ्याला "कमळ" काय अवघड!

सगळं असं गोड नव्हतं. एकदा शाळेची निळी शाई संपायला लागली. मुलं एवढं लिहितात म्हणून मी आनंदात होतो. रविवारी लेण्यांकडं गेलो, तर एक चौथीतला विद्यार्थी एका बाईंना निळाशार खडा दाखवत होता. "व्हेरी रेअर, मॅडम." बाईंच्या बोटांना शाई लागली होती. ती शाई शासनाची होती.

खरी अडचण थंडीची. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. पहिल्या हिवाळ्यात माझी हजेरी एकेचाळीसवरून अकरावर आली. नऊ वर्षांच्या मुलीनं खडे विकू नयेत हे मला कळत होतं, आजही कळतं. तेच मी दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी किसनला सांगायला गेलो. त्याची मुलगी सुमी दुसरीत होती. दुसरीतच दुसऱ्यांदा.

किसन ओट्यावर खांद्याला तेल चोळत बसला होता. "गुर्जी, पोरीला शाळंत घालू नका असं मी म्हणलो का? पण डोली रोज मिळत नाय. थंडीत तिचं दोन पैसं येतात, त्यावर पावसाळा निघतो. गाड्या यायला लागतात धा वाजता. त्याच्या आदी शिकवा, येईल. दुपारी बोलावलं तर नाय येणार, आन मी तिला मारून धाडणार नाय."

मी तीन दिवस विचार केला. मग सहकारी शिक्षकांशी बोलून दिवाळीनंतर शाळा सकाळी सात ते पावणेदहा केली. पावणेतीन तासांत जे बसत नव्हतं त्यासाठी रविवार घेतला. वरून परवानगी मागितली नाही, कारण मागितली असती तर उत्तर होळीनंतर आलं असतं. हजेरी चौतीसच्या खाली गेली नाही.

हे एक हंगाम चाललं. दुसऱ्या हंगामात कुणीतरी अर्ज केला, की फर्दापूरकडच्या अमुक शाळेचे गुरुजी दहा वाजता शाळा बंद करून पोरांना धंद्याला लावतात. अर्धं खरं होतं. खोट्या अर्जापेक्षा असा अर्ज वाईट.

म्हणून त्या गुरुवारी कुलथे साहेब न कळवता पहाटेच्या गाडीनं आले. सहकारी त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेलेले. साहेब फाट्यापासून चालत शाळेत आले, मफलर सोडलं, माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अर्जाचं तुम्हाला माहीत असेलच. मी एवढंच बघणार. मुलांना काही येत असेल तर मला वर काहीतरी लिहिता येईल. नसेल तर उद्यापासून साडेदहा ते पाच, आणि तुमचा खुलासा."

साडेदहा ते पाच म्हणजे काय, ते वर्गातल्या सगळ्यांना कळत होतं. सुमीला सगळ्यांत जास्त. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. त्या वर्षी ती कशीबशी तिसरीत गेली होती. आता थंडीभर शाळा सुटली तर मुलगी परत यायची नाही, हे किसनही जाणून होता आणि मीही.

साहेबांनी तिसरीचं पुस्तक उघडलं. "तू गं, पहिल्या रांगेतली. वाच."

रंजना माझी सर्वांत चांगली वाचणारी. ती उभी राहिली आणि तोंड मिटून राहिली.

"बरं, तू सांग. तेराचा पाढा."

सलीम आता चौथीत होता. तेराचा काय, एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचा. त्यानंही जमिनीकडं बघितलं.

साहेबांनी तिसऱ्याला विचारलं, चौथ्याला विचारलं. चौतीस मुलं आणि एक शब्द नाही. साहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि शेरा लिहायला पेन काढण्यासाठी कोटाच्या खिशात हात घातला. पेनाबरोबर बोराएवढा पांढरा खडा बाहेर आला आणि टेबलावर घरंगळला.

वर्गानं एकदम श्वास आत घेतला.

"साहेब," मी म्हटलं, "हा खडा कुणी दिला?"

"हा? फाट्यावर एका मुलीनं. गोड होती. पैसे घेईना."

"नाव सांगितलं का तिनं?"

साहेब आठवायला लागले, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून हात वर आला. "मी दिला. अंधारात वळखू आलं नाय गुर्जी. मला वाटलं टुरिस्ट हाय."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी साहेबांना रीत सांगितली. पहिल्यापासून, माझ्या पहिल्या तीन दिवसांसकट. ते चष्मा काढून ऐकत होते.

"म्हणजे मी विकला गेलोय?"

"विकले नाही साहेब. तुम्ही हिचे झालात. हिच्याशिवाय कुणी तुमच्याशी बोलणार नाही."

"आणि मी खडा परत केला तर?"

"परत घेत न्हाईत," सुमी म्हणाली. "घेतला तो घेतला."

साहेबांनी पुस्तक तिच्यापुढं केलं. "मग मालकीणबाई, तुम्हीच वाचा."

सुमीनं पुस्तक घेतलं. बारीक अक्षरांची भरगच्च ओळ. तिच्या ओठांची हालचाल होत होती, पण आवाज निघत नव्हता. सगळ्या वर्गात कच्ची मुलगी, आणि सगळ्या शाळेचा भार तिच्यावर. मी तिला काही सांगू शकत नव्हतो. मी काही सांगणं म्हणजेही फोडणंच झालं असतं.

तिनं पुस्तक मिटलं. मग वळून रंजनाकडं बघितलं.

"रंजे, हे तू घे. निम्मं माझं."

मला एवढंच माहीत होतं, की गिऱ्हाईक फोडता येत नाही. मालकानं आपण होऊन दुसऱ्याला दिलं तर चालतं, निम्म्या वाट्यावर, हे मला त्या दिवशी कळलं. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू आपल्याकडं नसेल तर असंच करतात.

रंजना उठली आणि धडा वाचत सुटली. थांबेचना. सुमीनंच तिला बसवलं, "पुरे. समदं एकटीनं देऊ नको." मग साहेबांकडं वळून, "आजून काय पायजे?"

"पाढे," साहेब म्हणाले.

"सलीम."

"तेरा का कौनसा?" सलीम उठलाच. "सीधा के उलटा?"

पुढची वीस मिनिटं मी भिंतीला टेकून उभा होतो. साहेब मागायचे आणि सुमी द्यायची. भागाकार मागितला, तिनं तो शेवटच्या रांगेतल्या एका लाजऱ्या मुलाला दिला. तो तोंडी भागाकार करतो हे मला माहीत नव्हतं. नकाशा मागितला, तो दिला. कविता मागितली, तेव्हा तिनं जरा घासाघीस केली, "अख्खी पायजे का दोन कडवी?" पाच मागण्या, पाच मुलं, आणि निवड एकदाही चुकली नाही. कुणाला काय येतं हे तिनं दोन वर्षं वर्गात बसून पाहून ठेवलं होतं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून. पण माणूस पक्का होता. आठ वाजता उठताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "शाळा चांगली आहे. पण या मुलीला वाचता येत नाही. आणि अर्ज अशाच मुलींबद्दल आहे. मी शेऱ्यात काय लिहू?"

मी शेरापुस्तक काखेत मारलं. आम्ही फाट्याकडं निघालो. मागून पाच वाटेकरी आणि सुमी. गिऱ्हाइकाला गाडीपर्यंत सोडायची पद्धत होती.

फाट्यावर उभे राहिलो. औरंगाबादकडून दोन गाड्या येतात, एक जळगावला जाते आणि एक सोयगावला, म्हणजे साहेबांच्या तालुक्याला. दोन्ही लाल, दोन्ही सारख्याच धुळकट. वळणावर एक गाडी दिसली. साहेब पुढं झाले, चष्मा पुसला, डोळे बारीक केले, हात वर केला.

"खाली करा हात," सुमी म्हणाली. "ही तुमची नाय. जळगाव हाय."

गाडी जवळ आली. जळगावच होती. पाठोपाठ दुसरी दिसली, वळणावर, बोटाएवढी.

"ही?"

तिनं डोळ्यांवर हात धरला. "सो... य... सोयगाव. मार्गे फर्दापूर. आता करा हात!"

साहेबांनी हात केलाच नाही. तिच्याकडं वळून विचारलं, "रंगावरून ओळखलंस?"

"रंग सारखाच हाय की साहेब. वाचलं. त्यात काय?"

"मग मघाशी पुस्तक का नाही वाचलंस?"

"ते लई बारीक लिवलंय. आन समदे बघत व्हते."

गाडी तोवर येऊन थांबली, कारण सलीमनं तिला हात केला होता. कंडक्टर ओरडायला लागला. साहेबांनी त्याला एक मिनिट म्हणून थांबवलं, एस.टी.च्या पायरीवरच शेरापुस्तक माझ्याकडून घेतलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि सही केली. "वाचन समाधानकारक. हंगामात सकाळची शाळा चालू ठेवण्यास हरकत नसावी." "नसावी" हा शब्द मी नोकरीत हजारदा वाचला असेल. तो मला एवढा गोड कधीच लागला नाही.

मग त्यांनी खिशातून पाचाची नोट काढून सुमीपुढं धरली. "सरकारी माणसाला फुकट घेता येत नाही. खड्याचे."

सुमीनं नोट उजेडात धरून पाहिली आणि मूठ मिटली. "फिर के आना, साहेब," सलीम म्हणाला. आता तो बोलू शकत होता, गिऱ्हाईक मिटलं होतं.

ती परवानगी पुढं मी तिथं असेपर्यंत चालली. त्या चौतीसांतले नऊ दहावीपर्यंत गेले. आकडा मी वाढवून सांगणार नाही. सलीम पाचवीनंतर सुटला, ते अजून सलतं. गणित त्याचं होतं. सुमी दहावी झाली, नंतर अंगणवाडीसेविका झाली. गेल्या वर्षी भेटली तेव्हा तिच्या खोलीच्या भिंतीवर अंगणाच्या टोकापासून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत गावांची नावं होती.

पण हिशेब राहिला. गाडी गेल्यावर सुमीनं टपरीवाल्याकडून पाच रुपयांची चिल्लर घेतली आणि फाट्याच्या दगडावर मांडली. निम्मे अडीच रुपये पाच वाटेकऱ्यांचे, प्रत्येकी आठ आणे. रंजनानं धडा लांब होता म्हणून जास्त मागितले, ते मिळाले नाहीत. आपल्या अडीच रुपयांतून तिनं एक नाणं उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"हे कशाचं ग?"

"दलाली. गाडी आणतो त्या ड्रायव्हरला द्यावंच लागतं, गुर्जी."

"अगं, पण साहेबांना मी कुठं आणलं?"

"तुमचाच अर्ज झाला म्हणून आले की ते! न्हाईतर कशाला येतंय कोण हितं?"

मी नाणं घेतलं. एकूण अदा रक्कम: वाटेकऱ्यांना अडीच रुपये, सुमन किसन हिला सव्वादोन रुपये, शाळेच्या शिक्षकाला चार आणे. बेरीज पाच रुपये. माझा वाटा मला पोचला.